उत्पादन-विकासातील वापरकर्त्याचे स्थान : कामगार-सहभागापासून स्टार्टअपपर्यंत – एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

नवी वस्तू तयार करण्यापूर्वी ती वापरणाऱ्या माणसाचा अभ्यास करावा, हा विचार आज स्टार्टअप क्षेत्रात सर्वमान्य झाला आहे. मुलाखत, प्रत्यक्ष निरीक्षण, कच्ची प्रतिकृती आणि वारंवार चाचणी ही त्याची साधने होत. ही साधने स्टार्टअप उद्योगाने शोधून काढली असा एक समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात या साधनांचा विसाव्या शतकातील इतिहास तपासला असून औद्योगिक डिझाइन, स्कँडिनेव्हियातील कामगार चळवळ आणि मानववंशशास्त्र या तीन प्रवाहांतून ती घडत गेली, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. या प्रवासात साधने टिकली. परंतु वापरकर्त्याचा निर्णयातील अधिकार मात्र क्षीण होत गेला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : वापरकर्ता-संशोधन, सहभागी डिझाइन, स्टार्टअप, उत्पादन-विकास, निर्णयाधिकार.

प्रस्तावना

भारतात १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' या कार्यक्रमाचा आरंभ झाला. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये नाविन्यपूर्ण स्टार्टअपविषयक स्वतंत्र धोरण स्वीकारले. त्यानंतर उद्योजकता हा विषय केवळ व्यवस्थापन शाखेपुरता मर्यादित राहिला नाही. कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांतूनही त्याची चर्चा होऊ लागली. अशा उपक्रमांत विद्यार्थ्यांना 'डिझाइन थिंकिंग' या नावाने एक क्रम शिकविला जातो. वापरकर्त्याशी समरस व्हावे, समस्या निश्चित करावी, कल्पना सुचवाव्यात, प्रतिकृती करावी आणि चाचणी घ्यावी, असा हा क्रम होय. तो आटोपशीर असल्यामुळे शिकविण्यास सोपा आहे, आणि सोपा असल्यामुळेच तो कोठून आला हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

वास्तविक प्रत्येक पद्धतीला तिच्या जन्मकाळाचे संदर्भ असतात. ती कोणाच्या गरजेतून निर्माण झाली, तिचा लाभ कोणास झाला आणि ती दुसऱ्या क्षेत्रात गेली तेव्हा तिच्यातील कोणता भाग गळाला, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे प्रश्न आहेत. हे प्रश्न केवळ जिज्ञासेचे नाहीत. ज्या शेतकऱ्याच्या, रुग्णाच्या किंवा कामगाराच्या नावाने एखादे उत्पादन घडविले जाते, त्याला त्या प्रक्रियेत बोलण्याचा हक्क आहे की केवळ उत्तरे देण्याचे कर्तव्य आहे, हे या इतिहासाच्या आकलनावर अवलंबून आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. वापरकर्ता-संशोधनाच्या प्रमुख पद्धतींचा उगम व विकास कालक्रमाने पाहणे.
२. निरनिराळ्या टप्प्यांवर वापरकर्त्याला कोणते स्थान दिले गेले, याची तुलना करणे.
३. भारतीय अनुभवाच्या आधारे स्टार्टअप क्षेत्रातील प्रचलित पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित साधनांवर आधारलेला आहे. अमेरिका, स्कँडिनेव्हिया व भारत येथील निवडक उदाहरणांपुरतीच त्याची व्याप्ती आहे.

औद्योगिक डिझाइन आणि निरीक्षणाची परंपरा

वापरणाऱ्या माणसाला केंद्रस्थानी मानणाऱ्या डिझाइनकारांमध्ये अमेरिकेतील हेन्री ड्रेफस (१९०४–१९७२) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. बेल टेलिफोनच्या यंत्रणेसाठी त्यांनी १९३० पासून काम केले. 'डिझायनिंग फॉर पीपल' हा त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. मानवी शरीराच्या मापांचे आलेख त्यांनी 'जो' आणि 'जोसेफिन' या दोन काल्पनिक व्यक्तींच्या रूपाने मांडले आणि १९६० मध्ये 'द मेजर ऑफ मॅन' या प्रकाशनात त्यांना विस्तृत स्वरूप दिले. वस्तूने माणसाच्या शरीराला जुळवून घ्यावे, माणसाने वस्तूला नव्हे, हे त्यांचे मूळ सूत्र होते.

मात्र ड्रेफस यांचे वेगळेपण केवळ मोजमापात नव्हते. आयोवा राज्यातील सू सिटी या गावातील एका नाट्यगृहाचा अनुभव त्यांनी आपल्या ग्रंथात नोंदविला आहे. नाट्यगृह अत्यंत भपकेबाज बांधलेले होते; तरीही प्रेक्षक तेथे न जाता जवळच्या साध्या चित्रपटगृहात जात. तिकिटाचे दर कमी करून व इतर आमिषे दाखवूनही उपयोग झाला नाही. तेव्हा ड्रेफस स्वतः तेथे उभे राहून लोकांचे बोलणे ऐकू लागले. येणारे लोक शेतकरी व कामकरी होते आणि आपल्या चिखलाच्या बुटांनी आतील उंची गालिचा खराब होईल, या संकोचाने ते आत येत नव्हते. गालिचा काढून तेथे साधे रबरी आच्छादन घातल्यावर प्रेक्षक येऊ लागले.

या प्रसंगातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, न येण्याचे खरे कारण प्रश्नावलीतून सहज हाती लागले नसते. कारण संकोच माणूस उघड बोलून दाखवीत नाही. दुसरी अशी की, येथे वापरकर्ता हा अभ्यासाचा विषय आहे. त्याच्याकडे पाहिले जाते, त्याचे बोलणे ऐकले जाते. पण गालिचा काढावा की ठेवावा, हे ठरविण्यात त्याला स्थान नाही. निर्णय डिझाइनकार आणि मालक यांच्याकडेच राहतो.

स्कँडिनेव्हियातील कामगार-सहभाग

वापरकर्त्याला निर्णयात स्थान देण्याचा विचार पुढे आला तो कारखान्यांतून. १९७० च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेमध्ये संगणकीकरणाचा वेग वाढला. नियोजन व नियंत्रणाच्या नव्या प्रणाली व्यवस्थापनाच्या सांगण्यावरून तयार होत आणि त्यांचे परिणाम कामगारांना भोगावे लागत. अशा वेळी नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेबरोबर क्रिस्टन नीगोर यांनी एक प्रकल्प हाती घेतला. ओले-योहान डाल यांच्यासमवेत सिम्युला ही संगणकीय भाषा निर्माण करणारे हेच ते शास्त्रज्ञ होत. या कार्यासाठी दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

या प्रकल्पात संशोधकाने कामगारांचा अभ्यास करून अहवाल लिहावा, अशी पारंपरिक भूमिका बाजूला ठेवण्यात आली. कामगारांनी स्वतः नव्या तंत्राचा अभ्यास करावा, आपल्या कारखान्याच्या संदर्भात त्याची चिकित्सा करावी आणि व्यवस्थापनाशी वाटाघाटी कराव्यात, असा प्रयत्न झाला. याची परिणती लवकरच करारांत दिसून आली. १९७५ मध्ये नॉर्वेतील कामगार व मालक यांच्या मध्यवर्ती संघटनांमध्ये संगणकीय प्रणालींविषयी राष्ट्रीय स्तरावरील करार झाला. स्वीडनमध्ये १९७६ साली कामाच्या ठिकाणच्या सहनिर्णयाचा कायदा संमत झाला. म्हणजेच वापरकर्त्याचा सहभाग हा येथे सौजन्याचा भाग नसून हक्काचा भाग होता.

या परंपरेतील सर्वांत परिचित प्रयोग म्हणजे १९८१ ते १९८५ या काळातील 'यूटोपिया' प्रकल्प. वृत्तपत्रांच्या छपाईत संगणक येऊ लागल्याने जुळारी व पानांची मांडणी करणारे कारागीर यांचे कौशल्य निरुपयोगी ठरण्याची भीती निर्माण झाली होती. नॉर्डिक देशांतील मुद्रण कामगारांच्या संघटना आणि स्वीडन व डेन्मार्कमधील संशोधक एकत्र आले. कारागिरांचे कौशल्य नष्ट न करता त्यात भर घालणारी साधने तयार करणे, हे त्यांचे उद्दिष्ट होते. पेले एन हे या प्रकल्पातील एक प्रमुख संशोधक होत.

आरंभी संशोधकांनी प्रणालीचे तपशीलवार लेखी वर्णन तयार करण्याची रूढ पद्धत वापरली. ती अयशस्वी ठरली. आकृत्या आणि परिभाषा यांनी भरलेले ते दस्तऐवज कारागिरांना आपल्या कामाशी जोडता येईनात. तेव्हा पुठ्ठा, लाकडी फळ्या, कागद आणि पडद्यावर पाडलेल्या चित्रांच्या साहाय्याने भावी यंत्रांच्या प्रतिकृती करण्यात आल्या. रिकाम्या खोक्याला छपाईयंत्र मानून कारागीर पान लावण्याचे काम प्रत्यक्ष करून दाखवीत, अडचण आली की थांबत आणि खोक्याची जागा किंवा पडद्याची रचना बदलत. पुठ्ठ्याची प्रतिकृती कोणालाही बदलता येते, तिच्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही आणि ती फेकून देण्यास कोणी कचरत नाही. कारागीर व शास्त्रज्ञ यांना एकाच पातळीवर आणणारी ही साधी युक्ती होती. आज स्टार्टअपच्या कार्यशाळांत कागदी प्रतिकृती करण्याचा जो पाठ दिला जातो, त्याच्या पूर्वपीठिकेत या प्रयोगाला महत्त्वाचे स्थान आहे.

अर्थात या प्रयोगाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. स्टॉकहोममधील 'आफ्टनब्लाडेट' या वृत्तपत्रात या प्रकल्पाशी निगडित प्रणालीची चाचणी झाली; परंतु बाजारपेठेत तिला अपेक्षित यश लाभले नाही. सामर्थ्यशाली कामगार संघटना, अनुकूल कायदा आणि सार्वजनिक निधी यांच्या आधारावर उभी असलेली ही पद्धत अन्यत्र जशीच्या तशी रुजणे कठीण होते.

मानववंशशास्त्र, संगणक उद्योग आणि झटपट चाचणी

याच सुमारास अमेरिकेत एक निराळा प्रवाह आकार घेत होता. झेरॉक्स कंपनीने १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथे संशोधन केंद्र स्थापन केले. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक ल्युसी सचमन तेथे १९७९ मध्ये काम करू लागल्या. कंपनीचे एक नवे छायाप्रत यंत्र ग्राहकांना वापरण्यास कठीण वाटत असल्याच्या तक्रारी येत होत्या. सचमन यांनी दोन-दोन व्यक्तींना एकत्र यंत्रापुढे उभे करून त्यांच्या कृतीचे व संवादाचे चित्रीकरण केले. जोडीने काम करताना माणसे आपल्या शंका एकमेकांना बोलून दाखवितात आणि त्यामुळे त्यांचा विचार निरीक्षकाला ऐकू येतो, हे या रचनेमागील तत्त्व होते. अशाच एका चित्रीकरणात संगणकशास्त्रातील दोन नामवंत संशोधक पाठपोट प्रती काढण्यासाठी झगडताना दिसतात. त्यामुळे वापरकर्ता अज्ञानी असल्याने यंत्र कठीण वाटते, हा युक्तिवाद टिकला नाही.

सचमन यांचा 'प्लॅन्स अँड सिच्युएटेड ॲक्शन्स' हा ग्रंथ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस आधी आखलेल्या योजनेनुसार यंत्रवत वागत नाही. तो प्रसंगानुरूप कृती करतो आणि योजना ही त्या कृतीचे एक साधन असते, असा सिद्धांत त्यांनी मांडला. पुढे उद्योगजगतात या संशोधनाचे एक सोपे कथानक रूढ झाले. मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी निरीक्षण केले आणि यंत्राला एक मोठे हिरवे बटण मिळाले, असे ते कथानक होय. सचमन यांनी स्वतः ते खोडून काढले आहे. हिरवे बटण हे जाहिरातीतील सुलभतेचे प्रतीक होते. नवे यंत्र समजून घेण्यासाठी माणसाला जे श्रम करावे लागतात, ते या प्रतीकामुळे झाकले जातात, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. एखादे चिकित्सक संशोधन उद्योगात शिरताना त्याचे रूपांतर यशोगाथेत कसे होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१९८० च्या दशकात या अभ्यासाला शिस्तबद्ध रूप मिळाले. आयबीएममधील जॉन गूल्ड व क्लेटन लुईस यांनी १९८५ च्या लेखात तीन तत्त्वे मांडली : आरंभापासून वापरकर्त्याकडे व त्याच्या कामाकडे लक्ष देणे, प्रत्यक्ष चाचणी घेऊन मोजमाप करणे आणि चाचणीनुसार रचना पुनःपुन्हा बदलणे. डोनाल्ड नॉर्मन यांच्या १९८८ च्या ग्रंथामुळे दैनंदिन वस्तूंच्या दोषांचा विचार सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला. याकोब नील्सन यांनी कमी खर्चात, मोजक्या लोकांवर घेता येणाऱ्या चाचण्यांचा पुरस्कार केला. एका फेरीस सुमारे पाच व्यक्ती पुरेशा असतात, हे त्यांचे सूत्र विशेष गाजले. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात ठेवावा लागतो. एखादी रचना वापरताना येणारे ठळक दोष शोधण्यासाठी हे सूत्र मांडले गेले. समाजाची गरज ओळखण्यासाठी नव्हे. तथापि पुढील काळात हा भेद अनेकदा पुसला गेला.

स्टार्टअप क्षेत्रातील रूपांतर

नव्या लहान कंपन्यांनी या पद्धती स्वीकारण्यामागे एक आर्थिक कारण होते. मोठी कंपनी एखाद्या अपयशी उत्पादनाचा तोटा सोसू शकते. नव्या कंपनीचे भांडवल मात्र पहिल्याच चुकीत संपू शकते. त्यामुळे चूक लवकर व स्वस्तात उघड होणे ही तिची निकड असते.

इन्टुइट या १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे उदाहरण येथे उल्लेखनीय आहे. घरगुती हिशेबासाठी तिने 'क्विकन' हे सॉफ्टवेअर तयार केले. दुकानातून ते विकत घेणाऱ्या ग्राहकाच्या संमतीने त्याच्या घरी जायचे आणि तो ते कसे सुरू करतो हे पाहायचे, अशी प्रथा या कंपनीने पाडली. घरासाठी केलेले हे सॉफ्टवेअर अनेकजण लहान धंद्याच्या हिशेबासाठी वापरतात, असे कंपनीच्या निदर्शनास आले. प्रारंभी तिने याकडे दुर्लक्ष केले. परंतु अखेरीस त्यातूनच १९९२ मध्ये 'क्विकबुक्स' हे स्वतंत्र उत्पादन आले. जमाखर्चाची व्यावसायिक परिभाषा न जाणणारा लहान व्यापारी हा मोठा वर्ग आहे, हे ज्ञान वापरकर्त्यांच्या 'चुकीच्या' वापरातून मिळाले होते.

स्टार्टअपसाठी या विचाराची सैद्धांतिक मांडणी स्टीव्ह ब्लँक यांनी २००५ मध्ये केली. कंपनीच्या कार्यालयात केवळ गृहीतके असतात, तथ्ये बाहेर ग्राहकांजवळ असतात, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे शिष्य एरिक रीस यांनी २०११ मध्ये 'द लीन स्टार्टअप' या ग्रंथात हा विचार पुढे नेला. रीस यांनी सांगितलेला स्वतःचा अनुभव उद्बोधक आहे. २००४ मध्ये स्थापन झालेल्या आयएमव्हीयू या कंपनीने तत्कालीन संदेशसेवांना जोडता येईल असे आभासी पात्रांचे सॉफ्टवेअर तयार केले. लोक नवी संदेशसेवा स्वीकारणार नाहीत, म्हणून जुन्या सेवांशी जोडणी आवश्यक आहे, हे त्यांचे गृहीतक होते. सहा महिने खपून ती जोडणी सिद्ध केल्यावर कोणी ते घेईना. मग निरनिराळ्या व्यक्तींना कार्यालयात बोलावून ते वापरण्यास सांगण्यात आले. त्यांतील एका सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या मित्रमैत्रिणींना निमंत्रण पाठविण्यास साफ नकार दिला. ही वस्तू चांगली आहे की नाही हे स्वतःला कळल्याशिवाय मित्रांपुढे हसे करून घेण्याची तिची तयारी नव्हती. अनोळखी लोकांशी बोलण्याची सोय मात्र अशा वापरकर्त्यांना आवडली. परिणामी रीस यांना स्वतः लिहिलेला बराच मोठा भाग टाकून द्यावा लागला.

या पद्धतीचे सामर्थ्य नाकारता येत नाही. स्वतःचे श्रम वाया गेल्याचे मान्य करून मार्ग बदलण्याची तयारी हा तिचा मोठा गुण होय. तथापि मूल्यमापनाचा निकष येथे बदललेला दिसतो. यूटोपिया प्रकल्पात 'कारागिराचे काम अधिक चांगले झाले का?' हा प्रश्न होता; स्टार्टअपमध्ये 'वापरकर्ता हे स्वीकारील का, व त्यासाठी पैसे मोजील का?' हा प्रश्न असतो. पहिल्या प्रश्नात वापरकर्ता वाटाघाटी करणारा पक्ष आहे. दुसऱ्या प्रश्नात तो गृहीतकाची परीक्षा घेण्याचे साधन आहे. पद्धत तीच, परंतु नाते निराळे, असे याचे स्वरूप आहे.

भारतीय अनुभव

भारतातील अनुभवाचा विचार करताना महाराष्ट्रातील एका जुन्या उदाहरणाचे स्मरण होते. मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील नोकरी सोडून लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगावात कारखाना काढला. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडामुळे जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिला नांगर विकला जाण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली. पुढे औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची स्थापना झाली आणि हाच नांगर उद्योगाचा आधार बनला. आजची परिभाषा त्या काळावर लादणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरणार नाही. परंतु अभियांत्रिकीच्या दृष्टीने निर्दोष असलेली वस्तूही वापरणाऱ्याच्या समजुती व भय यांचा विचार झाल्याशिवाय रुजत नाही, हे त्यातून दिसते. शिवाय ज्याची उपजीविका एका हंगामावर अवलंबून आहे, त्याचा सावधपणा हा केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात चार्ल्स व रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात साध्या लोट्याच्या रचनेचा विचार केला. त्याचा आकार, भार, पकड, ओतण्याची रीत, सफाई, किंमत, तो डोक्यावर वा कमरेवर वाहण्याची पद्धत अशा अनेक अंगांनी त्यांनी त्या वस्तूकडे पाहिले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून घडलेली वस्तू हे एक प्रकारचे संचित संशोधनच असते, असा त्याचा अन्वयार्थ लावता येईल. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ मध्ये औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले. सुधाकर नाडकर्णी हे त्याचे संस्थापक होत.

संस्थांच्या बाहेर घडलेले सर्वांत महत्त्वाचे उदाहरण म्हणजे 'जयपूर फूट'. पाश्चात्त्य बनावटीचा कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी केलेला होता. भारतीय माणूस घरात व देवळात अनवाणी वावरतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो आणि पाण्याने भरलेल्या शेतात काम करतो. त्यामुळे तो पाय मिळूनही रुग्ण कुबड्यांकडे परत जात. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि तेथेच काम करणारे कारागीर रामचंद्र शर्मा यांनी सहकाऱ्यांसह रबर व लाकूड यांपासून अनवाणी वापरता येणारा, सर्व बाजूंस वळणारा पाय १९६८ च्या सुमारास विकसित केला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो लाखो गरजूंपर्यंत पोहोचविला. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्र शर्मा यांचे नाव मात्र दीर्घकाळ तुलनेने उपेक्षित राहिले. डॉक्टरचे शास्त्र, कारागिराचे हात आणि रुग्णाचा अनुभव या तिघांच्या सहयोगातून झालेल्या निर्मितीचे श्रेय समान वाटले जात नाही, ही गोष्ट येथेही दिसून येते.

अलीकडील उदाहरण 'एम्ब्रेस' या उपक्रमाचे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका अभ्यासक्रमात २००७ मध्ये विद्यार्थ्यांच्या गटाला कमी खर्चाची नवजात-उबपेटी तयार करण्याचे काम मिळाले. गटातील एका सदस्याने नेपाळमध्ये जाऊन पाहिले, तेव्हा शहरातील रुग्णालयात दान मिळालेल्या उबपेट्या रिकाम्या पडलेल्या आढळल्या. अपुऱ्या दिवसांची बालके खेड्यात जन्मत होती आणि रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हती. त्यामुळे स्वस्त उबपेटी हे उद्दिष्ट बदलून सततच्या विजेविना उब देणारी पिशवी हे उद्दिष्ट ठरले. पुढे भारतातील एका मातेशी झालेल्या संभाषणाचा प्रसंग टॉम व डेव्हिड केली यांनी २०१३ च्या पुस्तकात दिला आहे. पाश्चात्त्य औषधे फार तीव्र असतात, या समजुतीमुळे डॉक्टरने ३७ अंश सांगितले तरी आपण सावधगिरी म्हणून ३० अंशच ठेवू, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. प्रयोगशाळेत अचूक ठरलेले साधन तिच्या हाती बालकाच्या जिवावर बेतले असते. म्हणून अंशांचे आकडे काढून तापमान योग्य आहे किंवा नाही एवढेच दाखविणारी खूण ठेवण्यात आली. २०११ मध्ये हे साधन भारतात वापरात आले.

हे उदाहरण पद्धतीच्या बाजूने जितके बोलते, तितकेच तिच्या मर्यादेविषयीही बोलते. मातेचे उत्तर ऐकले गेले म्हणून धोका टळला, ही पहिली बाजू. परंतु बालक खेड्यातून रुग्णालयापर्यंत का पोहोचत नाही, जवळच्या आरोग्य केंद्रात वीज का नाही, हे प्रश्न उत्पादनाच्या कक्षेत बसत नाहीत. वापरकर्ता-संशोधनातून ते प्रश्न दिसतात. उत्पादन-विकास मात्र त्यांतील वस्तूच्या रूपाने सुटणारा भागच उचलतो. उर्वरित भाग हा सार्वजनिक धोरणाचा विषय राहतो, आणि चांगले साधन मिळाल्यामुळे तो प्रश्नच मिटला असा आभास होण्याची शक्यता असते.

निष्कर्ष

१. वापरकर्ता-संशोधनाच्या पद्धती स्टार्टअप उद्योगाने निर्माण केलेल्या नाहीत. निरीक्षण, प्रतिकृती व पुनःपुन्हा चाचणी ही तिन्ही साधने १९८० च्या दशकापर्यंत बऱ्याच अंशी विकसित झालेली होती. स्टार्टअप क्षेत्राने त्यांना वेग दिला, खर्च घटविला आणि गृहीतक सोडून देण्याची शिस्त लावली.

२. या प्रवासात वापरकर्त्याचे स्थान अभ्यासविषय, सहनिर्माता आणि गृहीतकाच्या परीक्षेचे साधन असे बदलत गेले. स्कँडिनेव्हियातील प्रयोगांत सहभागाला संघटना व कायदा यांचे पाठबळ होते. ते नसेल तेव्हा सहभाग हा आयोजकाच्या इच्छेवर अवलंबून राहतो.

३. वापरकर्त्याचा नकार, संकोच आणि 'चुकीचा' वापर यांतूनच सर्वांत मोलाचे ज्ञान मिळाल्याचे दिसते. सू सिटीचा प्रेक्षक, बेळगावकडील शेतकरी, निमंत्रण नाकारणारी मुलगी आणि ३० अंशांवर थांबणारी माता यांना त्यांच्या परीने योग्य कारणे होती.

४. महाविद्यालयीन पातळीवर ही पद्धत केवळ पाच पायऱ्यांचा क्रम म्हणून शिकविणे अपुरे आहे. मोजक्या मुलाखतींवरून समाजाची गरज निश्चित केल्याचे समाधान विद्यार्थ्यांस मिळते, हा त्यातील धोका होय. इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र व भाषा या विषयांच्या प्राध्यापकांचा अशा उपक्रमांत सक्रिय सहभाग असल्यास निरीक्षणाची खोली वाढेल. मुलाखत देणाऱ्यास निष्कर्ष परत जाऊन सांगणे, त्याचे मत विरोधी असल्यास ते नोंदविणे आणि त्याच्या योगदानाचे श्रेय देणे, एवढे किमान संकेत तरी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत पाळले जावेत.

सारांश, वापरकर्त्याचे ऐकावे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. ऐकून घेतल्यानंतर निर्णय कोणी करावा, हा प्रश्न मात्र नॉर्वेतील धातू कामगारांनी अर्ध्या शतकापूर्वी उपस्थित केला होता आणि तो अद्याप अनुत्तरित आहे. स्टार्टअपच्या उत्साही वातावरणात या प्रश्नाची आठवण ठेवणे हे उच्च शिक्षणाचे कर्तव्य ठरते.